पिकोलितची गोड वाइन आणि तुझी तासगावची बाग

कोल्हापूर,
१० सप्टेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

घरच्या द्राक्षांची गोड वाइन करायची म्हणतोस, तर वरून साखर घालायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. गोडी मण्यातूनच आली पाहिजे, आणि त्यासाठी माल कमी धरावा लागतो. मला विचारशील तर खरी परीक्षा इथंच आहे.

इटलीच्या ईशान्येला फ्रिउली भागात पिकोलित नावाची पांढरी जात आहे. तिचे परागकण वांझ. शेजारी दुसऱ्या जातीच्या वेली असतील तरच फळधारणा होते, तीही अर्धीमुर्धी. घडात कधी कधी पंधरा-वीसच मणी टिकतात. आपल्याकडं अशी गळ झाली तर बागायतदाराची झोप उडेल! आपण जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक) मारून, कात्री लावून जी विरळणी करतो, ती ही वेल स्वतःच करते. त्या मोजक्या मण्यांत मग साखर, आम्ल, वास सगळं दाटून उतरतं. अठराव्या शतकात काउंट फाबिओ आस्क्विनींनी ही वाइन मुरानो काचेच्या पाव लिटरच्या बाटल्यांतून युरोपच्या दरबारांत पोहोचवली. पुढं जात संपत आली, ती विसाव्या शतकात रोक्का बेर्नार्दाच्या पेरुसिनी घराण्यानं जपली. २००६ मध्ये तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला.

पिकोलितच्या काड्या कलमासाठी मागवायची घाई मात्र करू नकोस. क्वारंटाइनच्या परवानगीशिवाय त्या आणता येत नाहीत, आणि डॉगरिजसारख्या जोमदार खुंटावर (ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतो तिच्यावर) गळ आणखी वाढेल. तुझ्याकडच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइन-द्राक्षाच्या ओळींवरच पिकोलितची रीत चालव.

मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागायच्या सुमाराला निम्मे घड काढून टाक. जीए नको, गर्डलिंग (खोडाच्या सालीची कडी काढणं) नको. २३-२४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची साधारण टक्केवारी), पीएच ३.५ च्या आत असताना पहाटे काढणी कर; आम्ल उतरलं की पीएच चढतो. आपल्या उन्हात साखर वाढता वाढता आम्ल झपाट्यानं उतरतं, आणि आम्ल नसलेली गोड वाइन नुसती सरबतासारखी बेचव लागते. पीएच पट्टीवर नको, मीटरवर मोज.

घड देठासकट बेदाण्याच्या रॅकवर एकेरी थरात पसर. इथं तासगावची सवय मोडावी लागेल: डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायचं नाही, गंधकाची धुरीही नाही. बुडवलं की मण्यावरचं मेण सुटतं, पाणी भराभरा उडतं आणि द्रावणाचा अंश रसात येतो. गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ जे काम करतो ते इथं सावलीतल्या वाऱ्याकडून सावकाश करून घ्यायचंय. दिवस मोजू नकोस, वजन मोज. एका क्रेटला चिठ्ठी लावून रोज काट्यावर ठेव. १०० किलोचे ७० झाले की २४ चे साधारण ३४ ब्रिक्स होतात. फुटका मणी दिसला की लगेच काढ. एका मण्याचा रस गळला तरी माश्या बसतात आणि शेजारचे घड आंबुस होतात. रात्री हवा दमट झाली तर काळी बुरशी देठापासून सुरू होते, म्हणून बारकाईनं देठच बघ.

प्रेस हळूहळू दाब. ७० किलोतून तीस-पस्तीस लिटर रस मिळाला तरी पुष्कळ. १० लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रस टिकवणारं सल्फाइट) घालून रात्रभर थंडीत निवळू दे. यीस्ट थेट टाकलंस तर एवढ्या साखरेत ते मरतं, नाहीतर व्हिनेगरचं आम्ल सोडतं. १० लिटरला ५ ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात जागं कर, मग थोडा थोडा रस घालत काही तास सवयीला लाव. आंबताना तापमान १६-१८ अंश ठेव.

हिशेब सोपा आहे. ३४ ब्रिक्सच्या रसात लिटरला साधारण ३७० ग्रॅम साखर असते. १ टक्का अल्कोहोलला सुमारे १७ ग्रॅम लागते, म्हणजे १४ टक्क्यांना २३८. मागं १३० च्या आसपास उरते. तिथं पोचलं की २-४ अंशांवर थंड कर, गाळावरून वाइन उतरव, पुन्हा सल्फाइट दे आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ. ही गाळणी टाळलीस तर मे महिन्यात बाटलीतच पुन्हा आंबायला लागेल आणि बूच उडेल.

हे सगळं परवान्याखालीच करायचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना मिळेपर्यंत परवानाधारक वायनरीशी बोलून त्यांच्याच टाकीत पहिली खेप घे. फळछाटणीआधी शेनिनच्या त्या ओळींना वेगळी खूण कर, म्हणजे फवारणीवाले गडी चुकून जीए मारणार नाहीत. ब्रिक्स आणि पीएचचे आकडे कळवत राहा.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विलास