लिनक्स अनेक असू द्या, शाळांसाठी मात्र एक ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रस्तंभात अलीकडे एका वाचकाचे पत्र आले होते. शाळांतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घाला असे सुचवणाऱ्यांना त्यांनी विचारले होते, कुठले लिनक्स? उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, बॉस आणि आणखी कितीतरी. आधी या मंडळींनी आपापसांत एक काय ते ठरवावे, मग लोकांना सांगायला यावे, असा त्यांचा सूर होता. प्रश्न रास्त आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. या पसाऱ्याचा त्रास मला वर्गात रोज होतो, तरीही सगळ्यांचे मिळून एकच लिनक्स व्हावे असे मला वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला तो फक्त कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्या मधला गाभा. एकट्या कर्नलवर कुणाला पत्रही टाइप करता येत नाही. त्याच्या जोडीला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने लागतात, खिडक्या आणि मेनू दाखवणारा डेस्कटॉप लागतो, सॉफ्टवेअर बसवण्याची सोय लागते. हे सगळे एकत्र बांधून जे हातात मिळते त्याला डिस्ट्रो म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ चे, फेडोरा २००३ चा, उबंटू २००४ चा. परवानाच असा की कुणीही घ्यावे, बदलावे आणि पुढे द्यावे. अशा परवान्याखाली डिस्ट्रो वाढणारच.

त्रास कसला होतो तेही सांगते. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक एका वेळी आलेले नाहीत. काही देणगीतून मिळाले, काही सरकारी योजनेतून, काही एका माजी विद्यार्थ्याने दुरुस्त करून आणून दिले. ज्याने जे घातले तेच त्या यंत्रावर राहिले. एका रांगेत उबंटू, दुसरीत मिंट, भिंतीकडच्या यंत्रांवर फेडोरा. आठवीच्या मुलांना उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करण्याची पद्धत सुरू करून द्यायची असते. उबंटूत त्यासाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये जायचे. मिंटमध्ये इनपुट मेथड नावाची वेगळीच खिडकी उघडून आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम निवडायचा आणि लॉग-आउट होऊन परत आत यायचे. केडीई डेस्कटॉप असला तर तिसरीच वाट. वहीत उतरवून घेतलेली ‘ॲप्ट इन्स्टॉल’ ही सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा फेडोरावर चालत नाही, तिथे ‘डीएनएफ इन्स्टॉल’ लिहावे लागते. तासातला निम्मा वेळ कुठे काय आहे हे दाखवण्यात जातो. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याला तेवढाच तास मिळतो. हे नुकसान मला फार लागते.

पण याच खोलीत एक गोष्ट कधी अडत नाही, ती म्हणजे इन्स्क्रिप्ट कळफलक. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजने. कुठल्याही डिस्ट्रोवर, अगदी विंडोजवरसुद्धा, ‘तऱ्हा’ लिहिताना बोटे त्याच कळांवर जातात: एलवर त, शिफ्ट धरून जेवर ऱ, डीवर हलन्त, यूवर ह, ईवर काना. तोच कळफलक मराठीला चालतो आणि देवनागरी कोकणीलाही, त्यामुळे आमची मुले एकदा शिकून दोन्ही भाषांत लिहितात. हे आपोआप झालेले नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ही मांडणी नेमून दिली गेली, आणि पुढे प्रत्येकाने ती तशीच घेतली.

आपल्या छापखान्यातल्या जुन्या माणसांना विचारा, त्याआधीचे आणि त्यानंतरही बरीच वर्षे चाललेले फॉण्टचे हाल ते सांगतील. प्रत्येक डीटीपी सॉफ्टवेअरचा देवनागरी फॉण्ट वेगळा आणि त्यामागचे संकेतांकही वेगळे. एका ठिकाणी जुळवलेला लेख दुसरीकडे उघडला की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला. आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांच्या फायली आजही अशाच पडून आहेत, उघडतात पण वाचता येत नाहीत. त्यावर उपाय काय निघाला? सर्वांनी एकच फॉण्ट वापरा असे कुणी म्हटले नाही. युनिकोड आला, अक्षरामागचा संकेतांक एक झाला. वरचे वळण ज्याला जे आवडेल ते त्याने ठेवले. आज मराठी फॉण्ट पूर्वीपेक्षा किती तरी जास्त आहेत आणि मजकूर मात्र कुठेही वाचता येतो. लिनक्सच्या बाबतीत मला नेमके हेच हवे आहे.

सर्वांना एका दावणीला बांधण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असेही नाही. लिनक्सच्या आधी युनिक्स या कार्यप्रणालीचे असेच झाले होते. ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीचे युनिक्स निराळे झाले, आणि त्यावर उतारा म्हणून १९८८ साली पॉझिक्स हे मानक आले. ते आजही उपयोगी पडते. लिनक्सवाल्यांनी २००१ मध्ये लिनक्स स्टँडर्ड बेसची पहिली आवृत्ती काढली. एकदा तयार केलेले सॉफ्टवेअर कुठल्याही डिस्ट्रोवर चालावे, हा उद्देश. २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक म्हणून मान्यताही मिळाली. पण त्यात सॉफ्टवेअर बांधण्याची पद्धत धरली होती रेड हॅट कंपनीकडची आरपीएम, आणि डेबियन व त्यावरून निघालेले सगळे डेब वापरणारे. मोठमोठे दस्तऐवज लिहिले गेले, त्यांप्रमाणे प्रमाणित करून घेतलेली सॉफ्टवेअर मात्र बोटांवर मोजण्याइतकी. २०१५ मध्ये डेबियनने त्यातून जवळजवळ अंग काढून घेतले. ज्यांनी वापरायचे त्यांना गरजच वाटली नाही, तर नुसता शिक्का मारून मानक चालत नाही. याउलट कुठली फाइल कुठल्या फोल्डरात असावी हे सांगणारे साधे मानक १९९४ पासून रुजत गेले. म्हणूनच माझ्या तिन्ही रांगांत मुलांच्या फायली ‘होम’मध्येच सापडतात. कर्नलचेही तसेच. काल चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये, हा नियम टोरवाल्ड्स फार कडकपणे पाळतात.

सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धतीचा प्रश्न आता पुन्हा पुढे आला आहे. फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज या तिन्ही पद्धती कुठल्याही डिस्ट्रोवर चालण्यासाठीच निघाल्या, पण तीन निघाल्या. उबंटू स्नॅप पुढे करतो आणि स्नॅपचे सॉफ्टवेअर-भांडार उबंटूच्या मालक कंपनीच्या हाती आहे. मिंट स्वतः उबंटूवर बेतलेला, तरी त्याने २०२० मध्ये स्नॅपला आपल्या दारात थांबवले. माझा कल फ्लॅटपॅककडे आहे, कारण त्याचे भांडार कुणालाही उभारता येते. मात्र या पद्धतींत सॉफ्टवेअर आपल्या गरजेचे सामान बरेचसे सोबत घेऊन येते, आणि आमच्या जुन्या यंत्रांच्या छोट्या डिस्क लगेच भरतात. डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून घेणे तिथे अजूनही बरे पडते.

मग सगळ्यांनी मिळून एकच डिस्ट्रो का नको? दोन उदाहरणे देते. ओपनऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर सन कंपनीबरोबर ओरॅकलकडे गेले, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांना पुढचे चिन्ह बरे दिसेना. २०१० मध्ये ते वेगळे झाले आणि लिबरऑफिस काढले. आज आमची मुले पत्रे आणि तक्ते त्यातच करतात. दुसरे सेंटओएसचे. असंख्य सर्व्हर या मोफत डिस्ट्रोवर चालत होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की सेंटओएस ८ पुढच्या वर्षाअखेर बंद. लोकांनी रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे करून काम पुढे चालू ठेवले. फुटण्याची मोकळीक नसती, तर दोन्ही वेळा मालकाचा शब्द अखेरचा ठरला असता. ही मोकळीक घालवून मिळणारी एकी मला नको आहे.

शाळेला मात्र निवडीचा एवढा पसारा झेपत नाही, आणि इथे मी त्या वाचकांच्या बाजूने आहे. शाळेपुरता निर्णय कुणीतरी घ्यायला हवा. केरळने तो घेतला. तिथे २००१ मध्ये शाळांसाठी आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, काही वर्षांतच तो मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला, आणि २०१७ मध्ये त्याचीच काइट ही सरकारी कंपनी झाली. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी एकच लिनक्स तयार करून दिले जाते, पाठ्यपुस्तक त्यावरच बेतलेले असते, शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यावरच होते. त्यांनी नवे काही शोधून काढले नाही, आधी डेबियन आणि मग उबंटू घेऊन त्यावर आपल्या गरजेचे बसवले. आपल्याकडे सीडॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने डेबियनवर बेतलेले बॉस केले आहे, तेही विचारात घ्यावे. कुठले घेतले याला माझ्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. सर्व शाळांत ते एक असावे आणि वर्षावर्षाला बदलू नये, एवढे पुरे.

आता हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, शाळांतल्या बऱ्याच संगणकांत तो नाही. ही यंत्रे बिघडलेली नाहीत. रॅम थोडी वाढवली आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की आणखी काही वर्षे ती सहज चालतील. २००० नंतरच्या वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून गोव्यातल्या शाळांना देण्याचा उपक्रम इथे झालेला आहे, तेव्हा हे गोव्याला नवीन नाही. तेव्हा इंटरनेट मिळायची मारामार होती, आज निदान ती अडचण कमी आहे.

म्हणून पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला माझी आपल्या पत्रातून विनंती आहे. पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळण्याची हमी असलेली एक आवृत्ती सर्व शाळांसाठी निवडावी, डेस्कटॉपही त्यातला एकच. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी अशा दोन्ही पद्धती, मराठी आणि कोकणीसाठी, पहिल्यापासून चालू करून द्याव्यात. लिबरऑफिस आणि मुलांसाठी स्क्रॅच आधीच घातलेले असावे. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या शाळांसाठी हे सगळे पेनड्राइव्हवर तयार मिळावे. खात्याकडून येणारी परिपत्रके आणि तक्ते ओपन डॉक्युमेंटमध्ये असावेत. हे २००६ पासून आयएसओचे मानक आहे आणि कुठल्याही डिस्ट्रोवर उघडते. प्रिंटरच्या निविदेत तो निवडलेल्या लिनक्सवर चालवून दाखवावा लागेल अशी अट घालावी, कारण आज सर्वांत जास्त अडते ते तिथेच.

अशी निवड झाली तर डिचोली आणि सत्तरीतल्या संगणक शिक्षकांना शनिवारच्या शाळेनंतर ते बसवायला आणि चालवायला शिकवण्याची माझी तयारी आहे. निवड करताना वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना समितीत घ्यावे, आणि आधी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या थोड्या शाळांत एक सहामाही चालवून पाहावे.

आपली,
एक संगणक शिक्षिका
डिचोली, गोवा