वेड घेऊन पेडगावला कोण जातं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका खुनाच्या केसची बातमी होती, आरोपीच्या वकिलांनी कोर्टात अर्ज दिला की याची मानसिक तपासणी करा, बास एवढंच, आणि वर हेडिंग काय तर 'शिक्षा टाळण्यासाठी वेडाचं सोंग?'. शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापायला मोकळे असं दिसतंय. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये लगेच तेच सुरू झालं, एक म्हणाला अहो हे सगळे वेड घेऊन पेडगावला जाणारे, दुसरा म्हणाला डॉक्टरला पैसे चारले की सर्टिफिकेट मिळतं, सहा महिने हॉस्पिटलात आराम करायचा आणि बाहेर यायचं. मी तिथे काही बोललो नाही कारण भांडण झालं असतं आणि माझं बीपी वाढलं असतं, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबलंय, चालवून घ्या.

मी 31 वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी कोर्टात नोकरी केली. क्लार्क म्हणून लागलो, बरीच वर्षं बेंचला, म्हणजे न्यायाधीशांच्या समोर क्लार्क म्हणून बसलो, 2019 ला रिटायर झालो. वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. पण रोजनामा, म्हणजे केसमध्ये तारखेला काय झालं त्याची नोंद, लिहिणाऱ्या माणसाला जे दिसतं ते वकिलालाही दिसत नाही कारण वकील त्याच्या केसपुरता येतो आणि जातो, आम्ही दिवसभर तिथेच. आणि मी जे बघितलं त्यावरून सांगतो, सोंग घेऊन पेडगावला जाऊन मजेत परत आलेला माणूस मला एकही आठवत नाही, उलट खरोखर आजारी असलेला माणूस त्या रस्त्याला लागला आणि तिथेच अडकला असे बरेच आठवतात.

पहिली गोष्ट, लोक दोन वेगळे प्रश्न एकत्र करतात. एक प्रश्न गुन्ह्याच्या दिवशीचा, म्हणजे ते कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याच्या अवस्थेत माणूस होता का. हे जुन्या पिनल कोडाचं कलम 84, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 22. दुसरा प्रश्न आजचा, आत्ता हा माणूस आपल्यावर काय आरोप आहे ते समजून वकिलाशी बोलू शकतो का, स्वतःचा बचाव करू शकतो का. त्याची कलमं वेगळी, प्रोसीजर वेगळी. आपल्या बातमीतला अर्ज दुसऱ्या प्रकारचा होता, हे बातमीतल्या मजकुरावरूनच कळतं, हेडिंग मात्र पहिल्याचं आणि तेही चुकीचं.

त्या पहिल्या प्रश्नाची कसोटी 1843 सालची आहे, इंग्लंडची. तिकडे मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, त्यावरून जे नियम झाले तेच 1860 च्या पिनल कोडात आले आणि आता नाव बदललं, नंबर बदलला, आतला मजकूर जवळपास तोच. ही कसोटी इतकी कडक आहे की मेंटल हॉस्पिटलची जाडजूड फाईल असली तरी तेवढ्याने काम होत नाही. आजार होता हे पुरेसं नाही, त्या क्षणी समज गेलेली होती हे आरोपीने दाखवायचं. आता सांगा, ज्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं त्याने ते कसं दाखवायचं, तर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, आणि घरचे बहुतेक वेळा फिर्यादी तरी असतात नाहीतर तोंड लपवून बसलेले. ही कसोटी पार केलेली आपल्याकडची एक केस सांगतो, महाराष्ट्र पोलिसांतल्याच एका शिपायाची. 1994 मध्ये त्याने पोलीस क्वार्टरमध्ये बायकोच्या डोक्यात दगड घातला, पळाला नाही, काही लपवलं नाही. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, आधीपासून ट्रीटमेंट चालू होती, अटकेनंतर काही महिन्यांत 25 वेळा हॉस्पिटलात न्यावं लागलं असं रेकॉर्डवर आहे. तरी खालच्या कोर्टात जन्मठेप, हायकोर्टात कायम, आणि 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की त्या वेळी त्याची समज गेलेली होती. आठ वर्षं! याला सोंग म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि असा माणूस 'सुटला' तरी घरी जात नाही. कोर्टाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं की कृत्य याने केलं की नाही, आणि केलं असेल तर पुढे त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं किंवा नातेवाईक जबाबदारी घेत असेल तर अटी घालून त्याच्या ताब्यात द्यायचं. साध्या शिक्षेला निदान तारीख असते, अमुक दिवशी सुटणार. याला तारीखच नाही.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण खुनाच्या केसेस पेपरात येतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं किरकोळ केसमध्ये या चक्रात सापडतात आणि त्यांची बातमी कधीच होत नाही.

2011 ची गोष्ट. एसटी स्टँडबाहेरून सायकल चोरली म्हणून एकाला आणलं होतं, कलम 379, जास्तीत जास्त तीन वर्षं. पस्तिशीचा असेल. पुकारा झाला, नाव विचारलं तर तो डेपोंची नावं सांगायला लागला, एकामागून एक, बसच्या पाटीवर असतात तशी. कोर्टात हशा पिकला, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. साहेबांनी तपासणीचा आदेश दिला, सिव्हिल हॉस्पिटलने वर पाठवलं, म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालयात. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं ही चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आमच्याकडून सात-आठ तासांचा रस्ता. रिपोर्ट आला, सध्या खटल्याला सामोरं जाण्यास अनफिट. केस डॉर्मंट फाईलला, म्हणजे थांबलेल्या केसेसच्या गठ्ठ्यात.

इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे. पुढचं बघा. पाच-सहा महिन्यांत औषधांनी माणूस बऱ्यापैकी सुधारला, हॉस्पिटलने कळवलं फिट आहे, घेऊन जा. घेऊन जायला पोलीस गार्ड लागतो, गार्ड कधी बंदोबस्तात तर कधी इलेक्शन ड्युटीवर, त्यात तीन महिने. मग आणला तो जेलमध्ये. जेलमध्ये मनाचा डॉक्टर नाही, आणि हॉस्पिटलने ज्या गोळ्या दिल्या होत्या त्या पंधरा दिवसांच्या, संपल्या की सिव्हिलला लिहायचं, सिव्हिलला त्या शिल्लक असतीलच असं नाही. कोर्टाची तारीख लागायला अजून दीड महिना. दीड महिन्याने तो समोर उभा राहिला तेव्हा परत डेपोंची नावं. परत तपासणी, परत अनफिट, परत सात-आठ तासांचा रस्ता. फिट, अनफिट, फिट, अनफिट, असं तीन वेळा झालं. दर वेळी मी रोजनाम्यात लिहिलं, आरोपी हजर नाही, अहवाल प्रतीक्षेत, पुढील तारीख. अक्षर माझं चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, तो कोणाच्याच यादीत नव्हता. जेल दर महिन्याला कच्च्या कैद्यांची यादी काढतं त्यात तो नाही कारण तो हॉस्पिटलमध्ये, हॉस्पिटलच्या लेखी तो कोर्टाचा, कोर्टाच्या लेखी तो डॉर्मंट. तेव्हाही कायदा होताच की अर्धी शिक्षा होईल इतके दिवस आत काढले तर जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडायचं, आणि काही झालं तरी पूर्ण शिक्षेपेक्षा जास्त दिवस कच्चा कैदी म्हणून ठेवायचंच नाही. 2009 अखेरीपासून हेही होतं की अनफिट ठरलेल्याला, गुन्हा बिनजामिनी असला तरी, अॅडमिट ठेवायची गरज नसेल आणि कोणी नातेवाईक किंवा मित्र औषधपाणी बघायची हमी देत असेल तर जामिनावर सोडा. नातेवाईक शोधायचं काम कोणाचं? लीगल एडचा वकील म्हणे पोलिसांचं, पोलीस म्हणत आरोपी पत्ताच नीट सांगत नाही. चार वर्षं दोन महिने! मग एक नवीन न्यायाधीश मॅडम बदलून आल्या, त्यांनी डॉर्मंट फायली काढून एकेक वाचायला घेतल्या, आणि तो सांगतो त्या डेपोंच्या नावांत एक नाव सारखं पहिलं येतं हे त्यांना दिसलं. आम्हाला चार वर्षं दिसलं नाही. त्या गावच्या ठाण्याला फॅक्स केला, भाऊ सापडला, त्याला वाटत होतं हा कुठेतरी मेला. सरकारी वकिलांनी केस मागे घेतली. सायकल? सायकल मूळ मालकाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा कोर्टात हजर करीन असं लिहून देऊन, मिळाली होती, 17 दिवसांत.

हे आमच्याच कोर्टात झालं असं नाही. आसाममध्ये मचांग लालुंग म्हणून एक होते, 1951 ला तरुणपणी पकडले, तेजपूरच्या मेंटल हॉस्पिटलमध्ये ठेवले, 1967 मध्ये डॉक्टरांनी बरा आहे म्हणून कळवलं तर घरी न सोडता गुवाहाटीच्या जेलमध्ये पाठवले, आणि सुटले 2005 ला, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. 54 वर्षं, खटला एक दिवस चालला नाही. पेपरात बातमी आली म्हणून सुप्रीम कोर्टाने दखल घेतली. बातमीने काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आता कायदा कागदावर चांगलाच आहे, 2017 चा मेंटल हेल्थकेअर अॅक्ट. त्याच्या कलम 103 मध्ये लिहिलंय की प्रत्येक राज्यात निदान एका जेलच्या मेडिकल विंगमध्ये मानसिक उपचारांची सोय पाहिजे, जेलच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाला रिपोर्ट द्यायचा. जेलच्या डॉक्टरांना मानसिक आजाराचं बेसिक ट्रेनिंग देणं सरकारवर बंधनकारक. रस्त्यावर फिरणारा मानसिक आजारी माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला तर त्याला लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, 24 तासांत दवाखान्यात न्यायचं. हे शेवटचं आपल्याकडे किती ठाण्यांत माहीत आहे हे एखाद्या वार्ताहराने नुसतं फोन करून विचारावं, भारी बातमी होईल. पोलिसांकडे मानसशास्त्र म्हटलं की अजून नार्को, म्हणजे औषध टोचून गुंगीत प्रश्न विचारायची टेस्ट, हीच निघते, जी 2010 पासून संमतीशिवाय करताच येत नाही, आणि पेपरवालेही दर मोठ्या केसला 'नार्को होणार का' विचारतात. जेलमधल्या माणसाला रात्री झोप येते का हे कोण विचारणार.

देशातल्या जेलमध्ये 2022 अखेर पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातले चारातले तीन कच्चे कैदी. म्हणजे अजून गुन्हा सिद्ध नाही. यातले किती आजारी, किती त्या फिट-अनफिटच्या फेऱ्यात, त्यांचं खातं आपल्या जिल्ह्यापुरतं तरी मांडता येईल. दर तीन महिन्यांचा तो रिपोर्ट जातो का, गेला तर त्यात काय असतं, नावं नकोत, नुसते आकडे, माहिती अधिकारात मागता येतात. मी स्वतः अर्ज टाकणार आहे, उत्तर आलं तर पाठवतो. आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांना माझी विनंती आहे, माजी कर्मचारी म्हणून, की मानसिक कारणाने थांबलेल्या सगळ्या केसेसची वेगळी यादी करून ती दर महिन्याला कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशी पुकारायच्या केसेसच्या यादीत, लावावी. आरोपी हजर नसला तरी चालेल. केस पुकारली गेली पाहिजे, म्हणजे कोणीतरी तोंडाने त्याचं नाव घेईल आणि किती दिवस झाले ते मोजेल. याला बजेट लागत नाही, एक क्लार्क आणि एक रजिस्टर लागतं.

नाव घेण्यावरून आठवलं. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याची शिक्षा कमी केली, शिक्षेनंतर त्याला गंभीर मानसिक आजार झाला म्हणून, फाशीऐवजी मरेपर्यंत जेल. गुन्हा भयंकर होता, दोन लहान मुलींचा, वाचवत नाही, त्या मुलींच्या घरच्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी करतो आणि मला उत्तर सापडत नाही. पण कोर्टाने काय केलं बघा, निकालात त्याचं नाव छापलं नाही, नुसतं 'आरोपी एक्स', कारण आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क कैद्यालाही आहे. आणि आपल्या मागच्या आठवड्याच्या बातमीत अजून ज्याच्यावर आरोपपत्रही नाही अशा माणसाचं नाव, फोटो, आईचं नाव, गाव, आणि 'तो आधीपासूनच वेडसर होता असे शेजाऱ्यांनी सांगितले'. मग वर सोंग आणि खाली वेडसर, दोन्ही एकाच बातमीत कसं बसतं हो? उपसंपादकाने निदान खालची ओळ वाचून हेडिंग द्यायचं होतं.

पेडगाव खरंच आहे बरं का, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. मी एकदा गेलोय, किल्ल्याचे अवशेष आहेत, देवळं सुंदर आहेत. सोंग घेऊन तिथे गेले ते महाराजांचे मावळे होते असं सांगतात, मोगलांना चकवून खजिना घेऊन आले. आमच्या सायकलवाल्याने काय आणलं, तर हॉस्पिटलचा शर्ट आणि औषधाच्या चिठ्ठ्यांची पिशवी. भावाने कोर्टाच्या आवारात त्याला चहा पाजला तेव्हा मी खिडकीतून बघत होतो, तो कप दोन्ही हातांनी धरून होता आणि गेटबाहेरून एसटी गेली की पाटी वाचत होता.

पत्र छापलंत तर पूर्ण छापा, कापलंत तर सायकलवाला कापू नका. नाव छापू नये ही विनंती, फोन नंबर ऑफिसला वेगळा कळवलाय.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी