उभ्या गाडीचेही वय वाढते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या घरगुती देखभालीवर आलेला लेख आवडला. प्लग काढणे, एअर फिल्टर साफ करणे, इंजिन ऑइल बदलणे ही कामे लेखकाने वाचकाला न घाबरवता समजावली आहेत. माझी तक्रार सोबतच्या तक्त्याबद्दल आहे. त्यात प्रत्येक कामापुढे नुसते किलोमीटर दिले आहेत. हौसेने घरी सांभाळलेली जुनी गाडी मुळात फारशी धावत नाही. जवळपासच्या कामाला निघते आणि एरवी कव्हरखाली उभी असते. तिच्या मालकाने हा तक्ता इमानेइतबारे पाळला तर ब्रेक ऑइल बदलायची पाळी कित्येक वर्षे येणारच नाही.

माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या रसायनशाळेत साहाय्यक म्हणून झाली. बाटलीवर तारीख नसली की मला अजूनही चैन पडत नाही, आणि ब्रेक ऑइल हा तर तारीख लिहूनच ठेवण्याचा पदार्थ आहे. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे तेल हवेतली ओल शोषते. रबरी होजमधूनही ती हळूहळू आत मुरते, गाडी चालो न चालो. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि आतले तेल उकळले, तर वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते; मग पेडल तळाला टेकते आणि गाडी पुढेच जात राहते. शिवाय त्याच पाण्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे. (अर्धी उरलेली उघडी बाटली ‘पुढच्या वेळेला होईल’ म्हणून जपणाऱ्यांना मी प्रयोगशाळेच्या दारातही उभे केले नसते.)

ब्रेक ऑइलची ‘पातळी कमी दिसल्यास भरून घ्यावे’ हा लेखातला सल्लाही अर्धवट आहे. ब्रेक पॅड झिजतात तसे त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेलाच्या डबीतली पातळी आपोआप थोडी उतरते. ती वरपर्यंत भरली आणि नंतर नवे पॅड बसवले, तर मागे ढकललेले तेल डबीतून उतू जाते व सांडेल तिथला रंग उचलते. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पातळी झपाट्याने उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे. मागच्या चाकांचे ड्रम उघडल्याशिवाय ती अनेकदा दिसत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते.

टायरचेही वय असेच उभ्या उभ्या वाढते. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक निर्धास्त असतात. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कधीकधी ते आतल्या बाजूला असतात, तेव्हा टॉर्च घेऊन वाकावे लागते. सगळ्यात म्हातारा टायर बहुधा स्टेपनीचा निघतो. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, रंग ताजा दिसला तरी गंज रोखणारे घटक त्यातून संपलेले असू शकतात. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या टायमिंग बेल्टला कंपनी किलोमीटरबरोबर वर्षेही देते, ती मात्र कुणी वाचत नाही. काही इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळते आणि व्हॉल्व्ह वाकतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत उभ्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, बसतो. अशी गाडी अडखळायला लागली की प्लग, कॉइल, पंप असे एकेक बदलत सुटण्याआधी जेट साफ करून पाहावेत.

आठवड्याला पाच मिनिटे गाडी ‘नुसती सुरू करून ठेवण्याची’ सूचना मला पटली नाही. तेवढ्यात इंजिन ऑइल नीट तापत नाही. ज्वलनातून आलेले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते, आणि स्टार्टरने खाल्लेली बॅटरीही तेवढ्यात पुरती भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरवड्याने का होईना, अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवावी. ब्रेकही मोकळे राहतात.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर त्यात महिने-वर्षांचा एक रकाना वाढवावा, ही विनंती. आणि लेखासोबतचे छायाचित्र कृपया बदला. त्यातले गृहस्थ नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपले आहेत. जॅक उचलण्यापुरता असतो. खाली शिरायचे तर सपाट, टणक जमीन, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना अडण आणि गाडीचा भार पेलणारे लोखंडी स्टँड एवढे हवेच. स्टँड नसेल तर त्या दिवशी बॉनेटखालची कामे करावीत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक