मंडळाच्या सरासरीत ओढ्याकाठचे रान दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये ओढा रानात शिरला त्या सकाळी मुलाने सवयीने मोबाइल काढला. आधीच्या वर्षी आम्ही असेच करायचो. ७२ तासांच्या आत पीकविम्याच्या ॲपवर नुकसानीची फोटोसह पूर्वसूचना टाकायची, मग पंचनाम्याला कोण येते त्याची वाट बघायची. मी म्हणालो, ''ठेव खाली. यंदा ती सोयच गेली.''

२०२३ ला एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा पारावर मी एकटाच कुरकुरत होतो. फुकटाला वाटा फार फुटतात. पुढे सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही बोगस विमे निघाले. २०२५ च्या खरिपापासून विमा रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा आला. मी तो बिनतक्रार भरला. पण त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्ती (एखाद्याच्याच रानात पाणी शिरणे, गारपीट), हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान ही संरक्षणे वगळली. केंद्राच्या योजनेत ती आहेत, राज्याने घ्यायची की नाही एवढाच प्रश्न. चोरी केली कुणी आणि कुलूप लावले कुणाच्या दाराला!

तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या (काही गावांचा मिळून एक गट) निवडक रानांत पीक कापून काढलेल्या उत्पादनावर. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी, तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. मंडळाचे सरासरी उत्पादन त्याखाली गेले तरच पैसे. दुष्काळाला हे चालते, कारण दुष्काळ सगळ्यांच्या रानात सारखाच बसतो. ओढ्याचे तसे नसते. माझी दोन एकर माळावर, दीड एकर ओढ्याकाठी. माळावर सोयाबीन बीबीएफने (रुंद वाफे आणि सऱ्या पाडणाऱ्या यंत्राने) पेरले होते, पाणी सरीतून निघून गेले, एकरी सहा क्विंटल झाले. ओढ्याकाठी चार दिवस पाणी तुंबले, शेंगेतच कोंब फुटले, वरची माती गेली ती वेगळीच. कापणी प्रयोगाचा प्लॉट माझ्या मंडळात कुणाच्या रानात पडेल ते नशीब. माळावर पडला तर माझा दीड एकर कागदावर पिकलेलाच.

शासनाची अतिवृष्टीची मदत आली, नाही म्हणत नाही. पण ती सरकारच्या मर्जीवर असते. विमा हप्ता भरून घेतलेला करार आहे, आणि सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरले तरच बिनव्याजी पडते. भरपाईचा भरवसा असेल तर माणूस सावकाराकडे जात नाही.

बोगस विम्याच्या भीतीवर इलाज आहेत. ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत) सोयाबीन नोंदले आहे का ते बघा, पुराच्या आधीचे आणि नंतरचे उपग्रहाचे चित्र लावा. चार दिवस तुंबलेले पाणी वरून दिसत नसेल असे मला वाटत नाही.

खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे विम्यात घ्यायचे केंद्राने जाहीर केले आहे. रानडुकराचा धुडगूस विम्यात येऊ शकेल, चांगलेच झाले. आमच्याकडे भात नाही, सोयाबीन आहे. राज्याने नव्या खरिपाचा शासन निर्णय काढताना निदान स्थानिक आपत्तीचे संरक्षण तरी पुन्हा लागू करावे. पेरणी जूनमध्ये आहे, त्याआधी काय ते कळू द्या.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक,
ता. औसा, जि. लातूर