तोंडी वाटपाची ढाल

संपादक महोदय,

हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी, असते, असा निर्वाळा देऊन सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी जुना वाद मिटवला. परंतु कोकणात, जिथे एकेका सातबाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांची नावे दाटीवाटीने नांदतात, तिथे त्या निकालाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. 'आमचे वाटप पूर्वीच तोंडी झाले' एवढ्या सांगण्यावर मुलीचा हक्क डावलता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी, सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच असा बचाव मानता येईल, असे न्यायालयाने बजावले आहे. (आंबा-काजूच्या बागांची आमच्याकडची वाटणी बहुधा तोंडीच असते, हे वेगळे सांगायला नको.) २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटपाला मात्र धक्का लागत नाही, हे बहिणींनीही ध्यानात ठेवावे. गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवण्यापूर्वी भावांनी हा निकाल एकदा वाचावा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्याने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील तिच्या अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

— एक वाचक, रत्नागिरी