संत्र्याच्या साली आणि एक पपनस

नौपाडा, ठाणे
१८ डिसेंबर

प्रिय बंड्या,

काटोलची पेटी पोचली. संत्री चार दिवसांत संपली, पण साली मी कुणाला टाकू दिल्या नाहीत. घरात त्यावरून रोज बोलणी खातोय.

झालं असं की भाचीने जर्मनीहून स्टोलनची कृती पाठवली. ड्रेस्डेनकडचा नाताळचा पाव. मैदा, यीस्ट, भरपूर लोणी, रममध्ये भिजवलेल्या मनुका, बदाम, आणि वर पिठीसाखर इतकी की मखरातला कापसाचा डोंगर वाटावा. तिकडे नाताळाआधीच्या उपासाला पूर्वी लोणी चालत नसे, पाव तेलातच करायचे. मग १४९१ साली खुद्द पोपकडून लोण्याची परवानगी आली. आपल्या उपासाला साबुदाणा कुणी चालवून घेतला, ते मात्र आजवर कळलेलं नाही!

कृतीत तीन वस्तू आंबट फळांच्या: लिंबाची किसलेली साल, पाकवलेली संत्र्याची साल आणि पाकवलेलं महाळुंग. दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून टूटीफ्रूटी हातात दिली. अरे, ती कच्ची पपई! रंग आणि साखर, बस.

पहिल्या खेपेला संत्र्याचा इसेन्स घातला, दोन चमचे. भाजताना घरभर वास, आणि पाव खाल्ला तर शाळेसमोरच्या नारिंगी गोळ्या चघळल्यासारखं वाटलं. दुसऱ्या खेपेला हुशारी केली आणि दुधात संत्र्याचा रस ओतला. दूध फाटलं. तरी रेटून मळलं, तर पाव आंबूस आणि मागून कडवट. कृती पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, रसाचा त्यात कुठे उल्लेखच नाही. वास रसात नसतोच रे, तो सालीतल्या तेलात असतो. आठवतं, लाईट गेली की आपण मेणबत्तीसमोर साल पिळायचो आणि तडतड ठिणग्या उडायच्या? तेच तेल.

तेव्हा तिसऱ्या खेपेला अर्धा किलो मैद्याला दोन संत्र्यांची आणि एका लिंबाची साल. लिंबू पिवळं, पिकलेलं घेतलं. त्यांचं लिंबू वेगळं, आपलं कागदी वेगळं. आपल्याची साल पातळ आणि वासाला जहाल, म्हणून एकच. तुझी संत्री सैल सालीची, किसणीवर दबतात. फ्रीजमध्ये गार करून अख्खीच किसली. पांढऱ्या भागाला किसणी लागू द्यायची नाही, सगळा कडूपणा तिथेच. कीस साखरेत बोटांनी चोळला, साखर ओलसर केशरी झाली, मग ती पिठात.

खरा घोळ महाळुंगाचा. जांभळी नाक्यावर विचारत फिरलो, कुणाकडे नाही. एका म्हाताऱ्या फळवाल्याने मात्र दोन पपनसं पुढे केली, म्हणाला, "साल जाड पाहिजे ना? मग हेच न्या." बरोबर बोलला बघ. महाळुंगात गर नावाला, पाकवतात ती त्याची जाड पांढरी साल, आणि पपनसाची सालही तशीच गुबगुबीत. बोटभर फोडी केल्या, तीनदा पाणी बदलून उकळल्या, मग तेवढ्याच वजनाच्या साखरेत मंद आचेवर, काचेसारख्या दिसेपर्यंत. दोन दिवस ताटात वाळवल्या. तुझ्या संत्र्यांच्या सालीही तशाच पाकवल्या, पण त्या पातळ, चामट झाल्या; बारीक चिरून घातल्या तर चालतात, पुढे आणायच्या लायकीच्या नाहीत. राग मानू नकोस.

पाव गेल्या रविवारी भाजला. गरम असतानाच लोणी पाजलं, साखरेत लोळवला, गुंडाळून कपाटात ठेवलाय, कारण तो मुरावा लागतो म्हणे, लोणच्यासारखा. कडेचा तुकडा मी चोरून खाल्ला. पपनस दाताखाली येतं तेव्हा आधी गोड, मग किंचित कडू, आणि संत्र्याचा वास शेवटपर्यंत राहतो. बायको म्हणाली, "एवढ्या खटाटोपात पुरणपोळ्या झाल्या असत्या." म्हणाली खरी, पण कपाटातल्या पावाची दुसरी कडही आज गायब आहे.

नाताळच्या आधी अर्धा तुला कुरिअरने पाठवतो. पुढची पेटी पाठवशील तेव्हा चकाकीसाठी मेण न लावलेली संत्री बघ, या खेपेला कोमट पाण्यात घासून घासून हात दुखले. आणि तुझ्या मामांच्या बागेत बांधाला महाळुंगाचं झाड होतं ना? अजून आहे का, एवढं विचारून कळव.

तुझा,
दिन्या