आकड्यामागचा हात

संपादक महोदय,

अतिदक्षता विभागात शरीरात नळी न घालताही हृदयाचे काम मोजता येते, पण मोजणारा हात चुकला की आकडाही चुकतो. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून, महाधमनीकडे जाणाऱ्या वाटेचा व्यास २ सेंमीऐवजी १.८ सेंमी धरला, तर दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त १९ टक्के कमी दिसते, कारण सूत्रात व्यासाचा वर्ग होतो. म्हणून उपचाराचा परिणाम पाहताना व्यास तोच ठेवून फक्त डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या, आलेखाची तुलना करावी. डॉप्लरची रेषा प्रवाहाला समांतर हवी, तिरकी पडली की वेग कमी भरतो. ठोके अनियमित असतील तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी.

सलाइन दिल्याने हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढेल का, हे पाय उचलण्याच्या चाचणीतून कळते, कारण पाय वर केले की पायांतले रक्त तात्पुरते हृदयाकडे येते. सुरुवात पाठ ४५ अंश उंच ठेवून करावी. पाय हातांनी ओढू नयेत, खाटच अशी कलती करावी की पाठ खाली जाईल आणि पाय वर येतील. रुग्णाला दुखले की नाडी वाढते आणि निष्कर्ष फसतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे मोजमाप पहिल्या मिनिटातच घ्यावे. नुसत्या रक्तदाबावर भागत नाही.

बोटाला गुंडाळून रक्तदाब आणि हृदयाचे काम मोजणाऱ्या पट्ट्याचे म्हणाल, तर गार पडलेल्या बोटांवर त्याचा भरवसा धरू नये.

– एक अतिदक्षता तज्ज्ञ